वामनकण आणि वेदना

‘वेदना’ हा शब्द मोठा विचार करण्यासारखा आहे. संस्कृतांत ‘विद्’ म्हणजे जाणणें. ज्या धातूपासून ‘वेद’ आणि ‘विद्या’ हे शब्द झाले, त्याच धातूपासून ‘वेदना’ हाही झाला. त्याचा मूळ अर्थ नुसती जाणीव एवढाच. पुढें तो दुःखाच्या जाणिवेपुरता उरला. आमच्या पूर्वजांनीं दुखण्यास हें नांव दिलें त्यांत मर्म आहे. पाय निखाऱ्यावर पडला हें शरीरास कळतें तें वेदनेनेंच. परंतु निखारा विझून दहा वर्षें लोटलीं तरी जी वेदना शमत नाहीं, गुडघ्यांत, कमरेंत, बोटांच्या पेरांत घर करून राहते, ती आपणांस नवें कांहीं कळवीत नाहीं. ती केवळ छळते. अशा वेदनेवर उपाय शोधणें हा मनुष्याचा फार जुना उद्योग आहे.

वर सांगितलेला धातु व्याकरणांतला. आज आम्हांस ज्या धातूंविषयीं लिहावयाचें आहे ते मात्र सोनाराच्या दुकानांतले, म्हणजे सोनें आणि रुपें. कडुनिंब, कोरफड, गवती चहा अशा वनस्पतींच्या काढ्यांत ह्या धातूंचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि त्यांनीं वेदना शमते, अशी वार्ता अलीकडे वर्तमानपत्रांतून आणि भ्रमणध्वनीवरच्या निरोपांतून घरोघर पोंचूं लागली आहे. ज्यांच्या घरीं सांधे धरलेलीं वडील माणसें आहेत अशा कित्येक वाचकांनीं ‘हें खरें काय?’ म्हणून आम्हांस विचारलें. ह्या वार्तेंतला कांहीं भाग अगदीं खरा आहे, कांहीं अजून ठरावयाचा आहे, आणि कांहीं विक्रेत्यांनीं पदरचा जोडलेला आहे. हे तीन भाग निरनिराळे करून दाखवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

प्रथम आकाराविषयीं. शास्त्रज्ञ ह्या कणांस ‘नॅनोकण’ म्हणतात. ‘नॅनो’चें मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ बुटका, खुजा. आम्ही त्यांस ‘वामनकण’ म्हणूं. नांव ओळखीचें आहे आणि अर्थही तोच. एक मीटर लांबीचे एक अब्ज समान भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. वामनकण साधारणतः १ ते १०० नॅनोमीटरांचा असतो. माणसाच्या डोक्याचा केस सुमारें ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो, आणि रक्तांतली तांबडी पेशी सुमारें ७,००० नॅनोमीटर रुंद असते; ह्यावरून कल्पना करावी.

बळीच्या दारीं आलेला बटु दिसावयास लहान होता, पण त्याचें सामर्थ्य लहान नव्हतें. ह्या कणांचीही गोष्ट तशीच. एक सेंटिमीटर बाजू असलेला सोन्याचा घन घ्या. त्याचा सारा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर सोनें तेवढेंच राहतें, पण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. घरांतल्या मोठ्या मुलांनीं हें गणित वहीवर करून पाहावें. पदार्थाचे पुष्कळसे व्यवहार पृष्ठभागावरच चालत असल्यामुळें असा सूक्ष्म झालेला धातु मूळ धातूहून निराळा वागतो. त्याचा रंगसुद्धां पालटतो. मायकेल फॅरडे ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८५७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें अशा सोन्याविषयींचे आपले प्रयोग मांडले. त्याच्या कुपीतलें सोनें पिवळें नव्हतें, माणकासारखें लाल होतें. त्यानें केलेल्या द्रवांपैकीं कांहीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें अद्याप जपून ठेविले आहेत.

फॅरडेनें ह्या कामीं फॉस्फरस वापरला होता. पुढें अनेक रसायनें वापरांत आलीं. त्यांतलीं कांहीं चांगलींच विषारी. तेंच काम वनस्पतीकडून करवितां येईल काय, हा विचार गेल्या पंचवीस वर्षांतला. अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत, सोन्याचा क्षार असलेल्या माध्यमांत लसूणघासाचीं रोपें वाढविलीं असतां रोपांच्या अंगांतच सोन्याचे वामनकण होतात, असें २००२ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच सुमारास ह्या विषयांतलें फार मोलाचें काम पुण्यास चाललें होतें, हें आमच्या कित्येक वाचकांस ठाऊक नसेल. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत डॉ. मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी ह्यांनीं जिरेनियमच्या पानांच्या काढ्यानें रुप्याचे कण केले, तें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. २००४ सालीं त्यांनीं कडुनिंबाच्या काढ्यानें सोन्याचे, रुप्याचे आणि दोहोंचे मिळून कण केल्याचें दाखविलें. त्याच वर्षीं आपल्या परसांतल्या गवती चहाच्या काढ्यानें सोन्याच्या चपट्या त्रिकोणी चकत्या बनविल्याचा त्यांचा निबंध निघाला, आणि २००६ सालीं कोरफडीचा. ज्या झाडांच्या पानांनीं आपण सर्दी घालवूं पाहतों त्यांनीं जगाच्या रसायनशास्त्रांत स्थान मिळविलें, ह्याचा आनंद मानण्यास हरकत नाहीं.

कृति ऐकावयास सोपी आहे. रुप्याचा क्षार, म्हणजे सिल्व्हर नायट्रेट, पाण्यांत विरघळविला तर पाणी बिनरंगी राहतें. त्यांत पानांचा गाळलेला काढा घातला कीं पाणी हळूहळू पिवळसर आणि मग तपकिरी होतें. सोन्याच्या क्षाराचें फिकट पिवळें पाणी लाल किंवा जांभळें होतें. ह्याचें कारण असें. क्षारांतल्या धातूच्या अणूनें आपले कांहीं इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. पानांतील शर्करा, तुरट द्रव्यें वगैरे त्यास ते परत देतात. अणु पुन्हां धातुरूप होतात आणि एकत्र येऊं लागतात. ते असेच वाढत गेले तर गाळ होऊन तळाशीं बसावयाचे. परंतु पानांतलींच दुसरीं द्रव्यें त्यांच्यावर लेपासारखीं बसतात आणि त्यांस एकमेकांस चिकटूं देत नाहींत. रवा तुपांत नीट परतला म्हणजे शिऱ्यांत गुठळ्या होत नाहींत, हें आमच्या भगिनींस सांगावयास नको. प्रकार बराचसा तसाच. मात्र कृति सोपी म्हणून कोणी घरीं करूं नये. रुप्याचा हा क्षार कातडीस काळे डाग पाडतो व भाजतोही.

येथवरचा भाग खरा, तपासलेला आणि अभिमान बाळगण्याजोगा. परंतु पुण्याचे ते प्रयोग कण कसे घडवावे ह्याविषयींचे होते; वेदनेचा प्रश्न त्यांत नव्हता. तो पुढें भारत, पाकिस्तान, इजिप्त इत्यादि देशांतील प्रयोगशाळांनीं हातीं घेतला. निरनिराळ्या पानांच्या, सालींच्या व मुळांच्या काढ्यांनीं सोनें, रुपें आणि जस्ताची भस्मासारखी पूड ह्यांचे वामनकण करून ते उंदरांस दिले गेले. उंदीर बोलत नाहीं. तेव्हां त्याची वेदना मोजावी कशी? ह्यासाठीं ठरलेल्या परीक्षा आहेत. एकींत उंदरास सुमारें ५५ अंश उष्ण तबकडीवर ठेवितात आणि तो किती सेकंदांनीं पाय चाटतो किंवा उडी मारतो तें पाहतात. दुसरींत त्याच्या शेपटीस उष्णता लावतात. तिसरींत पोटांत सौम्य अम्ल टोचून तो किती वेळां अंग पिळवटतो तें मोजतात. चौथींत समुद्रांतल्या तांबड्या शेवाळापासून काढलेलें कॅराजीनन नांवाचें द्रव्य पंजांत टोचतात आणि सूज किती येते तें मोजतात. ह्या मुक्या प्राण्यांच्या क्लेशांवर आपलीं सारीं वेदनाशामक औषधें उभीं आहेत, हें आपण विसरूं नये.

अशा परीक्षांत वनस्पतींनीं घडविलेल्या कणांनीं सूज उतरल्याचें, पिळवटणें कमी झाल्याचें, उडी उशिरानें मारल्याचें पुष्कळ ठिकाणीं आढळलें आहे. कारणाविषयींचें अनुमानही असंभाव्य नाहीं. शरीरास इजा झाली कीं तेथें प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात आणि त्यांनीं दाह व वेदना वाढते. ॲस्पिरिन हीं द्रव्यें तयार होऊं देत नाहीं, हें जॉन वेन ह्यांनीं १९७१ सालीं दाखविलें आणि त्यांस १९८२ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. वामनकण, किंवा त्यांच्यावरचा पानांचा लेप, दाहाच्या ह्याच व्यापारास अडथळा करीत असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. शोध चालू ठेवण्यास एवढें पुरेसें आहे. औषध म्हणून घेण्यास तें पुरेसें नाहीं. कां, तें आतां सांगतों.

पहिली शंका श्रेयाची. कित्येक पानांत स्वतःचींच दाह कमी करणारीं द्रव्यें असतात. मग गुण आला तो पानाचा, धातूचा, कीं दोहोंच्या संयोगाचा? हें ठरवावयाचें तर कांहीं उंदरांस नुसता काढा, कांहींस नुसता क्षार आणि कांहींस कण देऊन तुलना केली पाहिजे. जेथें ही तुलना नाहीं तेथें निष्कर्ष अर्धा समजावा. दुसरी शंका साक्षीदाराची. गुंगी आलेला उंदीरही तबकडीवरून उशिरानेंच उडी मारतो. म्हणून तो फिरत्या दांडीवर तोल सांभाळतो कीं नाहीं हें वेगळें पाहावें लागतें. शिवाय धडधाकट उंदराची तासाभराची वेदना आणि आजीबाईंची वीस वर्षांची गुडघेदुखी ह्या एकाच मापानें मोजण्याच्या गोष्टी नव्हेत. तिसरी शंका पानांची. चैत्रांतल्या कोंवळ्या कडुनिंबाचा पाला आणि भाद्रपदांतला जून पाला सारखा नसतो. काढा पालटला कीं कणांचा आकार पालटतो, आणि आकार पालटला कीं गुणही पालटूं शकतो. औषधाची आजची मात्रा आणि पुढच्या महिन्याची मात्रा एकच असावी लागते.

चौथी शंका सर्वांत मोठी. काढा पचतो, सोनें पचत नाहीं. रक्तांत शिरलेल्या कणांभोंवतीं रक्तांतलीं प्रथिनें वेढा घालतात, आणि त्यानंतर कण कोठें जावयाचा हें प्रयोगशाळेंतल्या मूळ लेपापेक्षां त्या वेढ्यावर अधिक अवलंबून असतें. असे पुष्कळसे कण यकृतांत आणि प्लीहेंत जाऊन बसतात. तेथें ते किती वर्षें राहतील आणि काय करतील, ह्याचें उत्तर पंधरा दिवसांच्या मूषकप्रयोगानें मिळत नाहीं. वामनानें बळीकडे तीन पावलें भूमि मागितली. औषधासही तीन पावलें चालावीं लागतात: पहिलें कांचपात्रांत, दुसरें प्राण्यांत, तिसरें मनुष्यांत. ह्या कणांचीं पहिलीं दोन पावलें पडलीं आहेत. तिसरें पडलेलें नाहीं. वनस्पतींनीं घडविलेल्या धातुकणांचें कोणतेंही औषध वेदनाशामक म्हणून अद्याप मान्यता पावलेलें नाहीं.

तिसऱ्या पावलास किती काळ लागतो, हें सोन्याच्याच एका जुन्या इतिहासावरून दिसेल. तें सोनें क्षाररूप होतें, वामनकणांचें नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. १८९० सालीं रॉबर्ट कॉख ह्या जर्मन वैद्यानें, सोन्याच्या एका क्षारानें क्षयाच्या जंतूंची कांचपात्रांतली वाढ थांबते असें दाखविलें. सांधे सुजविणारा आमवात हा क्षयासारख्याच कांहीं संसर्गाचा प्रकार असावा, अशा समजुतीनें फ्रान्समधील जाक फोरेस्तिये ह्यांनीं आमवाताच्या रोग्यांस सोन्याचे क्षार टोचले आणि १९२९ सालीं तो वृत्तान्त प्रसिद्ध केला. समजूत चुकीची ठरली, पण पुष्कळांस गुण आला. ब्रिटनमध्यें रोग्यांचे दोन गट करून काटेकोर तुलना झाली, तिचा अहवाल १९६० सालीं आला आणि गुण खरा असल्याचें ठरलें. मधल्या काळांत हेंही दिसून आलें कीं ह्या क्षारांनीं कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतें, तोंड येतें, मूत्रपिंडास व रक्तास अपाय होतो. पुढें मेथोट्रेक्सेटसारखीं औषधें आलीं आणि सोन्याच्या सुया मागें पडल्या. सोन्यानें आमवाताच्या वेदनेवर खरोखर काम केलें. पण त्याचा लाभ आणि त्याची किंमत दोन्ही कळावयास एक पिढी गेली.

येथें कोणी म्हणेल, हें तर आमचें भस्मच! ह्या म्हणण्यांत थोडें तथ्य आहे. सुवर्णभस्माच्या कांहीं नमुन्यांत आधुनिक सूक्ष्मदर्शकांस वामनकणांच्या आकाराचे कण आढळले आहेत. परंतु भस्म अग्निपुटांनीं सिद्ध होतें, हे कण काढ्यांत होतात. एकाचें पुण्य दुसऱ्याच्या नांवावर जमा करतां येत नाहीं. आम्हांस आमच्या रसशास्त्रकारांची थोरवी निराळ्याच गोष्टींत दिसते. भस्म पाण्यावर तरंगलें तर ‘वारितर’, बोटांच्या रेषांत भरलें तर ‘रेखापूर्ण’, तूप, मध, गूळ इत्यादींसह तापवूनही पुन्हां धातुरूप न झालें तर ‘अपुनर्भव’, अशा परीक्षा त्यांनीं घालून दिल्या आणि त्यांत न उतरणारें भस्म त्याज्य ठरविलें. हातीं असलेल्या साधनांनीं जेवढें पारखतां येई तेवढें त्यांनीं पारखलें. आज अधिक साधनें हातीं असतां कमी पारखणें हा त्यांचा सन्मान कसा होईल? अमेरिकेंतील बॉस्टन शहराच्या परिसरांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी होऊन २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांत १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल सांपडला. हा दोष शास्त्राचा म्हणावा कीं न पारखतां विकणाऱ्याचा, ह्याचा वाद घालीत बसण्यापेक्षां विकत घेणाऱ्यानें सावध राहावें हें बरें.

सावध राहण्याचें कारण घरांतच आहे. आमच्या एका स्नेह्यांच्या मातोश्री पंचाऐंशी वर्षांच्या. त्यांच्या नातसुनेस कपाट आवरतांना एक कुपी सांपडली. वर कडुनिंबाच्या डहाळीचें चित्र आणि ‘वनस्पतिजन्य रजतजल, सांधेदुखीवर’ अशीं अक्षरें. आजी दररोज सकाळीं एक चमचा घेत होत्या. कोणा ओळखीच्या बाईंनीं प्रदर्शनांतून आणून दिली होती. ‘आम्हांस कां सांगितलें नाहीं?’ असें विचारतां आजी म्हणाल्या, “अग, डॉक्टरांकडे न्यायचें म्हणजे कोणाचा तरी दिवस मोडतो. आणि पाल्याचेंच तर आहे, त्यानें काय होतें?”

ह्या दोन वाक्यांत आमच्या घरांचीं दोन दुखणीं आहेत. दुसरें वाक्य आधीं घेऊं. ‘पाल्याचें’ म्हणजे निरुपद्रवी, हें कोणीं सांगितलें? धोतराही पाल्याचाच. आणि त्या कुपींत नुसता पाला नव्हता, रुपें होतें. रुप्याचें पाणी फार दिवस पोटांत गेलें तर कातडी निळसर राखी होते आणि ती बहुधा पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें १९९९ सालींच असें ठरविलें कीं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकलें जाणारें रुप्याचें पाणी कोणत्याही रोगावर सुरक्षित व गुणकारी मानतां येत नाहीं. म्हणून अशी कुपी घरीं आली तर चार गोष्टी विचाराव्या. हें मनुष्यांवर पारखलें आहे काय? एका मात्रेंत धातु किती, हें वेष्टनावर लिहिलें आहे काय? तो शरीरांतून बाहेर कसा पडतो? आणि आपल्या नेहमींच्या डॉक्टरांस हें दाखविलें आहे काय? चारांपैकीं एकाचेंही उत्तर नाहीं असें आलें, तर कुपी बाजूस ठेवावी. जी घेऊन झाली असेल ती डॉक्टरांस न चुकतां सांगावी.

आतां पहिलें वाक्य, कोणाचा तरी दिवस मोडतो. आमच्या कुटुंबांतून वडील स्त्रियांनीं दुखणें सोसणें हा गुण मानला गेला. जी कण्हत नाहीं ती सोशिक, जी सांगते ती कुरकुरी. ह्या शिकवणुकीमुळें कित्येक आजी, काकू, आत्या भिंतीस धरून उठतात आणि ‘वयच झालें’ म्हणून हंसून टाकतात. नव्या औषधाची वार्ता अशा माणसास गोड लागते, कारण त्यासाठीं कोणापाशीं तोंड उघडावें लागत नाहीं. परंतु गुडघेदुखीवर आज पारखलेले उपाय आहेत. मांडीच्या स्नायूंस बळ देणारा नियमित व्यायाम, वजन आटोक्यांत ठेवणें, काठीचा आधार, शेक, आणि जरूर तेव्हां डॉक्टरांनीं ठरविलेल्या मात्रेंत वेदनाशामक. दुकानांतून मनानें आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन् महिने घेणेंही धोक्याचें. त्यांनीं पोटांत व्रण पडतात आणि मूत्रपिंडास इजा होते. ह्या उपायांत चमत्कार नाहीं. पण त्यांचें तिसरें पाऊल पडून गेलेलें आहे.

पाषाणच्या प्रयोगशाळेंत जें सुरू झालें त्याचें पुढें वेदनाशामक औषध होईल, असें आम्हांस मनापासून वाटतें. कडुनिंबाच्या काढ्यांत सोनें लाल होतें, हें ज्ञान लहान नव्हे. तें पक्व होण्यास आणखी वर्षें लागतील, आणि तीं लागूं द्यावीं. तोंवर ज्यांस दुखतें त्यांनीं ताटकळत बसावें असें मात्र नव्हे. वाचकांनीं हा अंक मिटल्यावर घरांतल्या सर्वांत वडील माणसाजवळ दोन घटका बसावें, आणि ‘कसें काय आहे?’ असें मोघम न विचारतां, ‘कोठें दुखतें, केव्हांपासून, आणि त्यावर काय घेतां?’ असें विचारावें. उत्तर ऐकून घ्यावें, लिहून ठेवावें, आणि डॉक्टरांकडे जाण्याचा वार ठरवूनच उठावें.